जबडा गेलेल्यांची यादी कपाटातून बाहेर काढा : एका आशाताईचं खुलं पत्र

राज्याच्या आरोग्याचं धोरण ठरवणारे मंत्री महोदय आणि अधिकारी यांस,

सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या मालकांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, प्लेट तुटली. भाकरीचा घास चावताना मधोमध तडकली. ही प्लेट म्हणजे साधी कवळी नव्हे. मालकांच्या तोंडाला उजव्या बाजूनं वरचं छतच नाही. कोविडनंतर त्यांना म्युकरमायकोसिस झाला, ज्याला लोक काळी बुरशी म्हणतात; त्यात दाढा, हिरडी, टाळू, त्याच्या वरचं हाड, सगळं मे २०२१ मध्ये कापून काढावं लागलं. त्या भगदाडात बसणारा गुलाबी प्लास्टिकचा गोळा आणि त्यालाच जोडलेले दात, याला डॉक्टर ऑब्च्युरेटर म्हणतात, आम्ही घरात प्लेट म्हणतो. ती तोंडात असली की ते जेवतात, बोलतात. नसली की पाण्याचा अर्धा घोट नाकातून बाहेर येतो.

बाहेर नवीन प्लेटचे २६,००० रुपये सांगितले. माझा दोन महिन्यांहून जास्तीचा मोबदला. म्हणून तुटलेले दोन तुकडे रुमालात बांधून, दोन एसट्या बदलून आम्ही जिथं ऑपरेशन झालं होतं त्या मोठ्या रुग्णालयात गेलो. खिडकीवरच्या माणसानं जुने कागद पाहिले आणि म्हणाला, “ताई, ही कोविडमधली केस आहे. ती फाईल बंद झाली. दात बसवायचे तर बाहेर बसवा, ते कॉस्मेटिकमध्ये येतं.” तो उद्धटपणे बोलला नाही. त्याला जे सांगून ठेवलंय तेच त्यानं आम्हाला सांगितलं. त्याच्याशी भांडून उपयोग नव्हता, म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघडं लिहिते आहे.

मी आशा स्वयंसेविका आहे. मराठवाड्यातल्या एका खेड्यात बारा वर्षं काम करते. २०२०च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली तेव्हा ऑक्सिमीटर आणि ताप मोजायची गन घेऊन आम्ही दारोदार फिरलो. ताप आहे का, खोकला आहे का, ऑक्सिजन किती, शुगर आहे का, बीपी आहे का. सगळं विचारलं, लिहून घेतलं. “जरा तोंड उघडा” असं मात्र मी एकाही माणसाला म्हटलं नाही. तसा रकानाच नव्हता, आणि माझ्याही डोक्यात आलं नाही.

एप्रिल २०२१ मध्ये मालकांना कोविड झाला. तेव्हा ते ४४ वर्षांचे होते. नऊ दिवस ऑक्सिजनवर काढले. तिथं त्यांना स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली, घरी येताना गोळ्या दिल्या. स्टेरॉइडबद्दल माझी तक्रार नाही. ऑक्सिजन लागलेल्या रुग्णांचे जीव डेक्सामेथासोन या स्टेरॉइडनं वाचतात, हे जून २०२० मध्येच इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीत दिसलं होतं. रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. आमच्या मालकांचाही जीव त्यानंच वाचला असेल. तक्रार आहे ती घरी सोडतानाच्या कागदाची. त्यावर गोळ्या कधी बंद करायच्या ते नव्हतं. साखर पुन्हा तपासा, हेही नव्हतं. त्यांना आधी कधी शुगर निघाली नव्हती. दुसऱ्यांच्या घरी जाऊन साखरेबद्दल विचारणाऱ्या माझ्या घरात ती ४०० च्या वर गेली होती आणि मला पत्ता नव्हता. हे माझ्या मनाला अजून लागून आहे.

घरी आल्यावर बारा-तेरा दिवसांनी त्यांची वरची दाढ दुखायला लागली. नुसती दाढ. गावातल्या डॉक्टरांनी दुखण्याची गोळी दिली. तालुक्याच्या दातांच्या दवाखान्यात फोन केला तर म्हणाले, कोविड होऊन गेलाय ना, महिनाभर नको. त्यांची भीतीही खोटी नव्हती, दातांच्या मशीनमधून तुषार उडतात. चार दिवसांनी मालक म्हणाले, डोळ्याखाली गाल बधिर झालाय, हात लावलेला कळत नाही. मी मोबाईलचा टॉर्च लावून तोंडात पाहिलं. उजव्या बाजूच्या तिन्ही दाढा बोट लावलं की एकदम हलायच्या, एकाच फळीवर ठोकल्यासारख्या. हिरडीवर बारीक पुवाचे फोड होते. टाळूवर रुपयाएवढा डाग, राखेच्या रंगाचा. दोन दिवसांत तो काळा झाला.

त्याच सुमारास, मे २०२१च्या दुसऱ्या आठवड्यात, आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचं सल्लापत्रक आलेलं होतं. कोविडनंतर दात दुखणं, दात हलणं, जबड्याला त्रास, टाळू काळा पडणं ही म्युकरमायकोसिसची लक्षणं आहेत, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. ते आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत आलं तेव्हा मालकांचा जबडा काढून झाला होता.

रुग्णालयात रात्रपाळीला एक शिकाऊ डॉक्टर मुलगी होती. मी आशा आहे म्हटल्यावर तिनं केसपेपरच्या मागं चित्र काढून मला सगळं समजावलं. वरच्या दाढांची मुळं जिथं संपतात, तिथंच लगत गालातली पोकळी असते, सायनस. मध्ये हाडाचा पातळ पापुद्रा. म्हणून साध्या सर्दीतही सायनस भरला की वरच्या दाढा दुखतात आणि माणूस दात किडला समजतो. ही बुरशी मातीत, कुजलेल्या पाल्यात, हवेत सगळीकडे असते. धडधाकट माणूस ती रोज श्वासातून घेतो आणि त्याला काही होत नाही. पण विषाणूनं शरीर खिळखिळं केलेलं, स्टेरॉइडनं प्रतिकार दबलेला आणि साखर वाढलेली, असं एकत्र आलं की ती सायनसमध्ये रुजते. रक्तात आम्ल वाढलं की लोह मोकळं होतं, ते तिचं खाद्य. मग ती रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरते, रक्त गोठतं, पुढच्या मांसाला रक्त मिळत नाही, ते मरतं. “ताई, बुरशी काळी नसते,” ती म्हणाली, “मेलेलं मांस काळं दिसतं.” म्हणूनच औषध एकटं पुरत नाही. जिथं रक्तच जात नाही तिथं अ‍ॅम्फोटेरिसिन हे बुरशीवरचं इंजेक्शनही पोचत नाही. मेलेला भाग काढावाच लागतो.

अजून एक गोष्ट तिनं सांगितली, ती मी नंतरही वाचली. कोरोनाचा विषाणू फक्त नाक-फुप्फुसात राहत नाही. लाळेच्या ग्रंथी आणि हिरड्यांच्या पेशींमध्येही तो थेट शिरतो, हे २०२१ मध्ये संशोधकांनी दाखवलं. चव जाणं, तोंड कोरडं पडणं, जिभेवर चट्टे, छाले, हे उगाच होत नव्हतं. लाळ कमी झाली की दात झपाट्यानं किडतात. आमच्या गावात कोविडनंतर कितीतरी बायका म्हणायच्या, “ताई, तोंडाला पाणीच सुटत नाही.” मी त्यांना पाणी पीत जा म्हणायचे आणि पुढच्या घरी जायचे.

आता आमच्या घरात त्या जबड्याबरोबर काय काय गेलं, ते सांगते. मालक मोंढ्यात एका आडतीवर सौदा पुकारायचे. सोयाबीनच्या ढिगाभोवती पंधरा-वीस खरेदीदार आणि त्या सगळ्यांच्या वर चढणारा त्यांचा आवाज. लांबच्या गावचे शेतकरीसुद्धा त्या आवाजाला ओळखायचे. टाळू नसला की तोंडात हवा कोंडता येत नाही, ती नाकातून निसटते. मग ‘ब’चा ‘म’ होतो, ‘द’चा ‘न’ होतो. भाकरी म्हणायला जावं तर ‘माकरी’, दोन म्हणायला जावं तर ‘नोन’. अशा आवाजात सौदा कसा पुकारायचा? आता ते त्याच आडतीवर काट्याजवळ बसतात आणि काटापट्टी लिहितात. आडतीवाल्यांनी ठेवून घेतलं ही त्यांची माणुसकी, पण पगार निम्मा झाला.

प्लेट तुटल्यापासून जेवायच्या आधी ते गॉजची घडी करून भगदाडात दाबतात. वरण-भात मिक्सरमधून काढते, तरी फोडणीतली मोहरी वर जाऊन बसते. रात्री मिठाच्या कोमट पाण्यानं पिचकारी मारून ती काढावी लागते, नाहीतर सकाळपर्यंत वास सुटतो. घरात पाहुणे असले की ते जेवत नाहीत. लग्नाकार्याला जाणं त्यांनी सोडलंय. मुलीच्या सोयरिकीच्या बोलणीला मुलीचे बाप असून तासभर गप्प बसले, कारण पहिलं वाक्य ऐकल्यावर समोरच्या माणसानं कपाळाला आठी घातली होती. माझं मागणं फक्त पैशांचं असतं तर मी नातेवाइकांकडे गेले असते. जेवणं आणि बोलणं याला कोणी कॉस्मेटिक कसं म्हणू शकतं, हे मला तुमच्याकडून ऐकायचं आहे.

सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. ऑपरेशन फुकट झालं. महागडी इंजेक्शनं, ज्यांच्यासाठी तेव्हा लोक जिल्हे पालथे घालत होते, ती उशिरा का होईना मिळाली. म्युकरमायकोसिसचा उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत घेतला गेला, त्यानं हजारो घरं कर्जातून वाचली असतील. त्या दिवसांत डॉक्टर, सिस्टर, सफाईवाले ज्या तऱ्हेनं राबले ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण रोग बरा झाला की माणूस बरा झाला, असं धरून सगळे पुढे गेले. भगदाड तिथंच राहिलं.

माझ्या तक्रारी सांगते.

पहिली आणि मोठी. जबडा काढणं हा उपचार आणि त्या जागी प्लेट बसवणं हा शौक, अशी विभागणी आमच्या वाट्याला आली. पाय कापल्यावर जयपूर फूट बसवतात त्याला कोणी शौक म्हणत नाही. ऑपरेशनच्या वेळी बसवलेली प्लेट तात्पुरती असते. जखम भरताना गाल आत ओढला जातो, जागा बदलते, प्लेट ढिली होते. मग पक्की करावी लागते. तीही जन्मभर पुरत नाही. घासते, तडकते, आतून बसत नाही, नवीन अस्तर लावावं लागतं. मालकांची दुसरी प्लेट आम्ही १८,००० रुपये भरून बाहेर केली. ती तीन वर्षांच्या वर टिकली. म्हणजे हा खर्च दर काही वर्षांनी येणारच, माणूस जिवंत आहे तोवर.

दुसरी. घरी सोडल्यावर आमची कोणी विचारपूस केली नाही. क्षयरोगाच्या रुग्णाच्या मागे आम्ही आशा सहा-सहा महिने गोळ्यांसाठी फिरतो. ज्याचा अर्धा चेहरा आतून पोकळ झाला, ज्याला शुगर आहे, ज्याची राहिलेली हाडं तपासायला हवीत, त्याच्या दारात जायला मला कोणी सांगितलं नाही. आमच्या तालुक्यात असे चौघे माझ्या ओळखीचे आहेत. एकीनं तर पाच वर्षांत पुन्हा डॉक्टर पाहिलेला नाही. ती पदर तोंडाला लावूनच बोलते.

तिसरी तक्रार आम्हा आशांच्या कामाबद्दल आहे. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे शुगर, बीपी, कॅन्सर अशा आजारांचा धोका तपासायचा फॉर्म, आम्ही भरतो. त्यात तोंड उघडायला त्रास होतो का, तोंडात बरा न होणारा छाला किंवा चट्टा आहे का, हे प्रश्न आहेत, कॅन्सरसाठी. तोंडाबद्दल विचारायला आम्हाला शिकवलेलं आहे. मिसरी लावणाऱ्या बायका तोंड दाखवायला लाजतात, त्यांना कसं बोलतं करायचं तेही आता जमतं. फक्त तापाच्या, खोकल्याच्या सर्वेक्षणात तोंड कुठंच येत नाही. कोविड जाऊन फ्लू आला, पुढेही काही ना काही येईल. दम्याच्या पंपानंतर चूळ भरा, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते, एवढं साधं वाक्यसुद्धा आमच्या एकाही प्रशिक्षणात मी ऐकलं नाही. व्हेंटिलेटरवरच्या माणसाचं तोंड स्वच्छ ठेवलं नाही तर तोंडातले जंतू फुप्फुसात उतरतात, हे मला त्या शिकाऊ डॉक्टर मुलीमुळे कळलं.

चौथी थोडक्यात. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून आहे. आमच्या जवळच्या सरकारी दवाखान्यात दातांची खुर्चीही आहे. मी जेव्हा जेव्हा पाहिली तेव्हा तिच्यावर चादर घातलेली होती.

पाचवी दिव्यांगाच्या दाखल्याची. तपासणीच्या दिवशी मालक प्लेट घालून गेले. समोरच्यांनी नाव विचारलं, यांनी सांगितलं. “बोलता येतंय की,” म्हणून कागद परत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात वाचा आणि भाषेचं अपंगत्व आहे, आणि शरीरातल्या दोषामुळे बोलण्यात आलेलं कायमचं अपंगत्व त्यात बसतं. एक पाय नसलेल्या माणसाला जयपूर फूट घालून चालायला लावून “चालता येतंय की” असं आपण म्हणत नाही.

आता मागण्या.

यादी बाहेर काढा. मे २०२१ मध्ये केंद्रानं राज्यांना सांगून हा आजार १८९७च्या साथरोग कायद्याखाली नोंद करण्याचा आजार ठरवला. प्रत्येक रुग्ण कळवणं रुग्णालयांना बंधनकारक झालं. जुलै २०२१ मध्ये संसदेत जे आकडे दिले त्यात देशभरात ४५ हजारांहून अधिक रुग्ण आणि ४,३०० हून अधिक मृत्यू होते. सगळ्यात जास्त रुग्ण ज्या राज्यांत, त्यात गुजरातबरोबर आपला महाराष्ट्र होता. म्हणजे नावं आहेत, पत्ते आहेत, कोणत्या रुग्णालयात कोण होतं तेही आहे. नव्यानं सर्वेक्षण करायची गरज नाही. कपाट उघडायचं आहे. ती यादी गावनिहाय करून आम्हा आशांच्या हातात द्या. कोण हयात आहे, कोणाला जबडा नाही, कोणाला डोळा नाही, प्लेट कशी आहे, शुगर किती आहे, हे आम्ही महिनाभरात लिहून देतो. त्याचा वेगळा मोबदला मी मागत नाही.

प्लेटला उपचार म्हणा. महात्मा जोतिराव फुले योजनेत तात्पुरती, पक्की आणि नंतर लागेल तेव्हा बदलायची, अशा तिन्ही प्लेट स्पष्ट शब्दांत लिहा, म्हणजे कोणत्याही खिडकीवरच्या माणसाला “कॉस्मेटिक” म्हणता येणार नाही. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत कृत्रिम दात-जबडा बसवणारे विभाग आहेत, शिकणारे डॉक्टर आहेत. तिथं आठवड्यातला एक वार या रुग्णांसाठी ठरवून द्या आणि तो वार जिल्हा रुग्णालयांना कळवा. सकाळच्या एसटीनं निघालेला माणूस त्याच दिवशी परत यायला हवा, आणि जाण्या-येण्याचं भाडं त्याला मिळायला हवं.

श्वसनाच्या साथीचं कोणतंही सर्वेक्षण असो, त्यात तीन प्रश्न घाला. वरचे दात दुखतात किंवा हलतात का? गाल बधिर वाटतो का? टाळूवर काळा किंवा राखी डाग आहे का? यातल्या एकाला जरी ‘हो’ आलं आणि माणसाला शुगर असेल, तर त्याला त्याच दिवशी पुढं पाठवायची व्यवस्था करा. आम्हाला एक चांगला टॉर्च द्या. मोबाईलच्या उजेडात टाळू नीट दिसत नाही. रुग्णालयातून सोडताना जो कागद देतात त्यावर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहा: स्टेरॉइड कोणत्या तारखेला बंद, साखर कोणत्या तारखेला तपासायची, तोंडात काय दिसलं तर परत यायचं.

दिव्यांगत्वाची तपासणी प्लेट काढून करा. ज्यांना नाकारलं त्यांना पुन्हा बोलवा.

आणि त्या खुर्चीवरची चादर काढा. आठवड्यातून दोन दिवस तरी दातांचे डॉक्टर तिथं बसू द्या.

यातलं एकही मागणं नवं यंत्र किंवा नवी इमारत मागत नाही. उत्तर मला पाठवायचं नसलं तरी चालेल, आदेश काढा, तो आमच्यापर्यंत येतो. मालक रोज विचारतात, “काही कळलं का?” प्लेट नसल्यानं त्यातला ‘क’ही आता ऐकू येत नाही, पण मला समजतं. कपाट उघडून यादी आली, वार ठरला, की आमच्या तालुक्यातल्या चौघांना सकाळच्या पहिल्या एसटीनं मी स्वतः घेऊन येते.

आपली,
एक आशा स्वयंसेविका
मराठवाडा